पर्सेंटाइल, कॅप आणि पसंतीक्रम : बारावीनंतरचा प्रवेश नेमका कसा होतो?

सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की नागपुरातल्या घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो : आपल्या मुलाला ९३ पर्सेंटाइल मिळाले, शेजारच्या मुलीला ९१ मिळाले, तरी तिला हवे ते कॉलेज मिळाले आणि आपल्याला का मिळाले नाही? याचे उत्तर बहुतेक वेळा मुलाच्या अभ्यासात नसून प्रवेशाच्या पद्धतीत असते. ही पद्धत अवघड नाही, पण ती कोणी नीट बसून समजावून सांगत नाही, आणि तोवर अर्ज भरण्याची शेवटची तारीख येऊन ठेपते. हा लेख मुख्यतः दहावी-अकरावीतल्या मुलांच्या पालकांसाठी आहे, कारण बारावीचा निकाल हाती येईपर्यंत यातले कितीतरी निर्णय कळत-नकळत होऊन गेलेले असतात.

शहर एक, प्रवेशाच्या वाटा अनेक

उच्च शिक्षणाच्या बाबतीत नागपूर हे जुने आणि संपन्न शहर आहे. हिस्लॉप कॉलेज १८८३ पासूनचे, शासकीय विज्ञान संस्था १९०६ ची, लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था म्हणजे एलआयटी १९४२ ची, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे आणि आज व्हीएनआयटी म्हणून ओळखली जाणारी अभियांत्रिकीची संस्था १९६० ची. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात आयआयएम, ट्रिपल आयटी, एम्स आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ यांची भर पडली. परंतु या सगळ्या संस्था एकाच शहरात असल्या तरी त्यांचे प्रवेश एकाच परीक्षेवर होत नाहीत, आणि पालकांचा पहिला गोंधळ इथेच होतो.

व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटी या केंद्राच्या संस्था असल्यामुळे तिथे राज्याची सीईटी चालत नाही. जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते आणि जागावाटप ‘जोसा’ या देशपातळीवरच्या समुपदेशनातून होते. व्हीएनआयटीतल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात, ट्रिपल आयटीत मात्र तसा राज्याचा वाटा नाही. राज्यातली इतर अभियांत्रिकी महाविद्यालये, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवी यांच्यासाठी एमएचटी-सीईटी आहे. एमबीबीएस आणि पशुवैद्यकीय पदवी यांच्यासाठी ‘नीट’ ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. त्यातही मेडिकल आणि मेयो या दोन शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात, तर मिहानमधल्या एम्सच्या सर्व जागा देशपातळीवरच भरल्या जातात. विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा आहे.

इथे एक गोष्ट दहावीनंतर लगेच लक्षात घ्यायला हवी. मुलाला अकरावी-बारावीसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला पाठवण्याचा विचार असेल, तर बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण होणार याचा आधी विचार करावा. व्हीएनआयटीसारख्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधला (एनआयटी) राज्याचा वाटा बारावी कुठून झाली यावर ठरतो. राज्य कोट्यातल्या एमबीबीएस प्रवेशासाठी, काही अपवाद वगळता, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे आवश्यक असते. क्लास चांगला मिळावा म्हणून घेतलेला निर्णय दोन वर्षांनी या जागांच्या आड येऊ शकतो, आणि तेव्हा तो बदलता येत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० गुणांसाठी १५० प्रश्न असतात : भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. मात्र निकालपत्रावर महत्त्वाचा आकडा असतो तो पर्सेंटाइलचा, आणि त्याचा २०० पैकी मिळालेल्या गुणांच्या टक्केवारीशी थेट संबंध नसतो.

पर्सेंटाइल म्हणजे आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे विद्यार्थी शंभरात किती, हे सांगणारा आकडा. समजा, परीक्षेच्या एका सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १८,६०० जणांना तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर त्याचा पर्सेंटाइल ९३ होतो. त्याला पेपरात ९३ टक्के मिळाले असे नव्हे. कदाचित २०० पैकी ११० मिळाले असतील. त्या सत्रातले १,४०० विद्यार्थी त्याच्या पुढे आहेत, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे.

आता हा हिशेब पूर्ण गटाला लावून पाहा. गटात तीन लाख विद्यार्थी आहेत असे धरले, तर एक पर्सेंटाइल म्हणजे तीन हजार विद्यार्थी. बारावीच्या गुणपत्रिकेवर ९३ आणि ९४ टक्के यांत कोणी फारसा फरक मानत नाही, पण पर्सेंटाइलमध्ये तेवढ्या फरकाने नाव यादीत हजारोंनी खाली जाऊ शकते. म्हणूनच हा आकडा दशांश चिन्हानंतर सात स्थळांपर्यंत दिलेला असतो. तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढली तर एकूण पर्सेंटाइल येत नाही, यामुळेही अनेकांना निकालात चूक झाल्याचा संशय येतो. पण एकूण पर्सेंटाइल हा एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढलेला असतो, म्हणून तो सरासरीशी जुळत नाही.

ज्याचा पेपर सोपा आला, त्याचा फायदा होत नाही का?

ही शंका रास्त आहे. एवढ्या विद्यार्थ्यांची परीक्षा संगणकावर एकाच वेळी घेता येत नाही, म्हणून ती अनेक दिवस आणि सकाळ-दुपारच्या सत्रांत होते, आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. पर्सेंटाइलची पद्धत त्यासाठीच आणली गेली. सोप्या सत्रात तुमच्या मुलाला १४० गुण मिळाले असतील, तर त्याच सत्रातल्या इतरांनाही जास्त गुण मिळालेले असतात. अवघड सत्रात सर्वांचेच गुण उतरतात. तुलना फक्त त्याच सत्रातल्या विद्यार्थ्यांशी होत असल्यामुळे पेपरच्या काठिण्याचा परिणाम बराचसा निघून जातो. ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे : प्रत्येक सत्रात हुशार, मध्यम आणि कच्चे विद्यार्थी साधारण सारख्याच प्रमाणात विखुरलेले आहेत. सत्रात विद्यार्थ्यांची संख्या मोठी असेल तेव्हा हे गृहीतक बऱ्यापैकी टिकते. पद्धत निर्दोष नाही, पण निव्वळ गुणांची तुलना करण्यापेक्षा ती नक्कीच न्याय्य आहे.

मग बारावीच्या गुणांना काही किंमत उरली का?

उरली आहे, आणि ती न ओळखल्यामुळे दरवर्षी चांगली मुले अडचणीत येतात. व्हीएनआयटीला प्रवेश घ्यायचा असेल, तर जेईई मेनमधल्या क्रमांकाबरोबर बारावीत किमान ७५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५ टक्के) किंवा आपल्या मंडळातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान आवश्यक आहे. जेईईत उत्तम क्रमांक असूनही बारावीत ७२ टक्क्यांवर थांबलेल्या मुलाला मंडळाचा तो दुसरा निकष पूर्ण झाला तरच आशा असते. राज्यातल्या अभियांत्रिकीसाठी संबंधित विषयांत एकत्रित ४५ टक्के, मागास प्रवर्गांसाठी ४० टक्के ही अट आहे. विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांच्या अनेक पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश तर बारावीच्या गुणांवरच होतात.

याच संदर्भात टाय-अपबद्दल स्पष्ट बोलायला हवे. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, दिवसभर मूल मात्र क्लासमध्ये, ही व्यवस्था नागपुरात आता सर्रास झाली आहे. या व्यवस्थेत पहिला बळी जातो तो प्रात्यक्षिकांचा, आणि त्यापाठोपाठ अकरावीचा. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. जेईई आणि नीटमध्ये अकरावीचा वाटा याहून बराच मोठा आहे. अकरावी हे दहावीनंतरचे विश्रांतीचे वर्ष समजणाऱ्या घरांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

कॅप म्हणजे काय आणि त्यातले यंत्र कसा विचार करते?

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेला थोडक्यात ‘कॅप’ म्हणतात. विद्यार्थ्यांची गुणवत्ता यादी तयार होते. प्रत्येक विद्यार्थी आपल्याला हवी असलेली महाविद्यालये आणि शाखा क्रमाने भरतो. आणि संगणक त्या दोन्ही गोष्टी जुळवून जागा देतो.

लग्नघरात मानाच्या साड्या वाटायच्या आहेत अशी कल्पना करा. मान कोणाचा आधी आणि कोणाचा नंतर, हे ठरलेले आहे. प्रत्येकीने आपल्याला आवडलेल्या साड्यांची क्रमवार चिठ्ठी आत्याबाईंकडे देऊन ठेवली आहे. आत्याबाई मानाच्या क्रमाने एकेक चिठ्ठी उघडतात. चिठ्ठीतली पहिली साडी शिल्लक असेल तर ती देतात, नसेल तर दुसरी, तीही नसेल तर तिसरी. जिचा मान दहावा आहे तिने पैठणी सर्वांत वर लिहिली म्हणून तिचे काहीच बिघडत नाही. पैठणी आधीच गेली असेल तर तिच्या चिठ्ठीतली पुढची साडी पाहिली जाते, आणि तिची चिठ्ठी पूर्ण वाचून होईपर्यंत अकराव्या क्रमांकाची चिठ्ठी उघडलीही जात नाही. मात्र चिठ्ठीत लिहिलेली नसलेली साडी तिला मिळणार नाही, आणि नको असलेली साडी केवळ जागा भरायची म्हणून लिहिली असेल, तर तीच पदरात पडण्याची शक्यता असते.

कॅप याच रीतीने चालते. गुणवत्ता क्रमांक म्हणजे मान, पसंतीक्रमाचा अर्ज म्हणजे चिठ्ठी. राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्याचा विचार आधी खुल्या जागेसाठी होतो आणि तिथे जागा न मिळाल्यास त्याच्या प्रवर्गातल्या जागेसाठी. आरंभीच्या प्रश्नातल्या ९१ आणि ९३ चे कोडे बहुधा इथे सुटते : त्या मुलीसाठी महिलांची किंवा प्रवर्गाची जागा उपलब्ध असेल, किंवा तिने एखादे महाविद्यालय अर्जात लिहिले असेल जे तुमच्या मुलाने लिहिलेच नाही.

‘मिळणार नाही’ ते वर लिहून पसंती वाया जात नाही का?

नाही. हा गैरसमज सर्वांत नुकसानकारक आहे, म्हणून इथे जरा थांबू. गेल्या वर्षीचा कटऑफ, म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा पर्सेंटाइल, ९६ होता आणि आपल्याला ९३ आहेत, म्हणून मनातले पहिले कॉलेज अर्जातून गाळून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. ते वर लिहिल्याने खालच्या पसंतीवरचा तुमचा हक्क कणभरही कमी होत नाही. तुमच्या मागे असलेला विद्यार्थी केवळ त्याने ते कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिले म्हणून तुमच्या पुढे जात नाही. अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, त्यामुळे जागेचीही अडचण नाही.

क्रम ठरवताना फक्त एक प्रश्न विचारावा : हे दोन पर्याय एकाच वेळी समोर ठेवले, तर आपण कोणता उचलू? नामांकित महाविद्यालयातली मेकॅनिकल की साध्या महाविद्यालयातली संगणकशाखा, वानाडोंगरीचे कॉलेज की पुण्यातले वसतिगृह, हे वाद घरात अर्ज भरण्याच्या रात्री न होता आधी महिनाभर व्हावेत आणि त्यात मुलाचे मत शेवटचे असावे. रोजच्या जाण्या-येण्याचा विचारही प्रामाणिकपणे करावा. हिंगणा मार्गावर मेट्रो लोकमान्य नगरपर्यंत जाते, पुढचा प्रवास कसा होणार हे एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहिलेले बरे. चार वर्षे तो प्रवास मुलालाच करायचा आहे.

२०२५ पासून बदललेला नियम

अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी २०२५-२६ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर एक महत्त्वाची अट आली. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती अंतिम मानली जाते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी कोणतीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही जागा मिळाली तर तीही अंतिम. चौथ्या फेरीत जी मिळेल ती अंतिम. अशी जागा मिळाल्यावर प्रवेश घ्यावाच लागतो. नाकारली तर पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही.

पूर्वी काही जण ‘आधी काहीतरी हातात येऊ दे, मग बदलू’ अशा विचाराने वरचे पर्याय बेफिकिरीने भरत असत. आता तसे केल्यास दुसऱ्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर सहज लिहिलेले कॉलेज कायमचे गळ्यात पडू शकते. अंतिम न ठरलेल्या जागेबाबत मात्र भीतीचे कारण नाही : ती स्वीकारून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबता येते, वरची मिळाली तर आधीची आपोआप रद्द होते आणि न मिळाली तर आधीची आपलीच राहते. म्हणजे पसंती प्रामाणिकपणे भरण्याचा सल्ला कायम आहे, पण आता पहिल्या सहा ओळी भरताना दुप्पट काळजी हवी.

कटऑफची यादी कशी वाचावी?

सीईटी कक्ष प्रत्येक फेरीनंतर कटऑफ प्रसिद्ध करतो. त्या पीडीएफमध्ये संस्थांचे सांकेतिक क्रमांक असतात. नागपूर विभागातल्या संस्थांचे क्रमांक ४ ने सुरू होतात, त्यामुळे हवे ते पान लवकर सापडते. प्रत्येक रकान्यावर इंग्रजी अक्षरांची एक संज्ञा असते, आणि ती पाहूनच बहुतेक पालक यादी मिटवून ठेवतात. ती तीन तुकड्यांत वाचावी. पहिले अक्षर ‘जी’ असेल तर सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर महिलांसाठीची. मधला भाग प्रवर्ग सांगतो : ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचे अक्षर ‘एच’ म्हणजे त्याच विद्यापीठ क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांची जागा, ‘ओ’ म्हणजे इतर विद्यापीठ क्षेत्रांतल्यांची आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय.

हे विद्यापीठ क्षेत्र म्हणजे मुलाने बारावी केली त्या ठिकाणचे क्षेत्र. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे जिल्हे. चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठाचे. नागपूरच्या मुलाने लातूरला राहून बारावी केली, तर त्याचे क्षेत्र नांदेड विद्यापीठाचे होते आणि नागपूरच्या महाविद्यालयांत त्याने ‘एच’चा नव्हे तर ‘ओ’चा रकाना पाहायचा असतो. कटऑफ दरवर्षी बदलतो, म्हणून एकाच वर्षाची यादी न पाहता मागच्या दोन-तीन वर्षांच्या सर्व फेऱ्या शेजारी ठेवून पाहाव्यात. त्यातून आकडा जितका कळतो त्याहून अधिक त्याचा कल कळतो.

थेट संस्थेतून प्रवेश घेतला तर काय फरक पडतो?

फरक मुख्यतः पैशांचा पडतो. शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलतीच्या बहुतेक शासकीय योजना केंद्रीभूत प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही योजना लागू नाही. त्यामुळे अर्जात नाव लिहिण्याआधी ती संस्था संलग्न महाविद्यालय आहे, स्वायत्त आहे की स्वतंत्र खासगी विद्यापीठ झाली आहे, हे तपासलेच पाहिजे. फलकावरचे नाव जुनेच असले तरी दर्जा बदललेला असू शकतो.

शिक्षण शुल्क माफीच्या म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागाही अशाच दुर्लक्षित राहतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कोणत्याही प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला त्या निव्वळ गुणवत्तेवर मिळतात, आणि त्यांचा पर्याय अर्जात वेगळ्या सांकेतिक क्रमांकाने स्वतंत्रपणे भरावा लागतो. त्याच कॉलेजची त्याच शाखेची साधी जागा लिहिली म्हणून ही जागा आपोआप विचारात घेतली जात नाही. साहजिकच तिचा कटऑफ वर असतो, परंतु वर पाहिल्याप्रमाणे ती आधी लिहिण्यात काहीच तोटा नाही.

कागदपत्रे : अकरावीतच सुरुवात करण्याचे काम

वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र दहावीनंतरच्या सुट्टीतच काढून ठेवावे. जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण समिती वडिलांच्या आणि आजोबांच्या शाळेच्या नोंदी, महसुली दाखले असे जुने पुरावे मागते आणि ते काटोल, उमरेड किंवा आणखी दूरच्या गावच्या शाळेतून आणावे लागतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयाचे पत्र घेऊन हा प्रस्ताव दाखल करावा. अनुसूचित जमातींसाठी तपासणी समिती वेगळी असते, हे ध्यानात ठेवावे. नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या, प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे आदल्या वर्षी काढलेले प्रमाणपत्र जूनमध्ये निरुपयोगी ठरू शकते. प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेले प्रमाणपत्र हवे.

जोसाच्या प्रक्रियेसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएसची प्रमाणपत्रे केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेली लागतात. राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र तिथे चालत नाही. राज्यातला एसईबीसी प्रवर्ग केंद्राच्या संस्थांत नाही, म्हणून सीईटीत एसईबीसी म्हणून अर्ज करणारा विद्यार्थी व्हीएनआयटीसाठी त्या आरक्षणाचा लाभ घेऊ शकत नाही. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे, आधारवरचे आणि जातीच्या दाखल्यावरचे नाव अक्षरशः सारखे आहे का, हे आजच पाहावे. वडिलांच्या नावातली एखादी वेलांटी वेगळी असली तरी पडताळणीच्या वेळी अर्ज अडकतो. गुणपत्रिकेतली दुरुस्ती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो, त्यामुळे ती बारावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी झालेली असावी.